लंडनमधली पंक रॉक वॉक: गाईड घ्यावा की नकाशा पुरे?

रिकामटेकडा_बेसिस्ट

लंडनमध्ये पंकच्या इतिहासावर दोन-अडीच तासांच्या गाईडेड वॉक निघतात. जाहिराती वाचून डोकं गरगरलं. कुणी फक्त सोहो दाखवतं, कुणी फक्त कॅम्डेन, कुणी किंग्ज रोडवरून सुरुवात करून मध्येच बसमध्ये बसवतं. जाणकारांना तीन प्रश्न:

१. एका दिवसात किती भाग झेपतात?
२. गाईड लागतोच का?
३. आता तिथे बघण्यासारखं उरलंय काय? की दुकानांच्या शटरकडे बघून हळहळायचं?

सोबत एक व्यक्ती असेल, जिला पंकचं काडीचंही प्रेम नाही. तिचाही विचार व्हावा.

तीनच_कॉर्ड

आधी तिसरं. बहुतेक जागांवर आता दुकानं, फ्लॅट किंवा ऑफिसं आहेत. पण सोहो आणि आसपासच्या पट्ट्यात पंकची पहिली दोन वर्षं जवळजवळ अख्खी मावतात, आणि अंतरं इतकी कमी की पायीच जावं.

चेरिंग क्रॉस रोडवर १०७ नंबरला सुरुवात करा. आज तिथे फॉइल्स हे पुस्तकांचं दुकान आहे, तेव्हा सेंट मार्टिन्स कला महाविद्यालय होतं. ६ नोव्हेंबर १९७५ ला सेक्स पिस्टल्स पहिल्यांदा लोकांसमोर वाजले ते इथे. मुख्य बँड बझूका जो, म्हणजे पुढे अ‍ॅडम अँट झालेला मुलगा ज्यात बेस वाजवायचा तो. पिस्टल्सचा बेसिस्ट ग्लेन मॅटलॉक याच कॉलेजचा विद्यार्थी, म्हणून जागा मिळाली.

रस्ता ओलांडून दोन-तीन मिनिटांवर डेन्मार्क स्ट्रीट. सहा नंबरच्या मागच्या छोट्या इमारतीत पिस्टल्स तालीम करायचे आणि राहायचेही. पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन याने भिंतींवर काढलेली व्यंगचित्रं अजून आहेत. २०१६ साली ६ आणि ७ नंबरच्या इमारतींना 'ग्रेड दोन तारांकित' हा वारसा दर्जा मिळाला, त्यामागे सतराव्या शतकातली बांधणी हे एक कारण आणि ही चित्रं हे दुसरं. गोची एवढीच की ही खोली आता एका हॉटेलकडे आहे. रस्त्यावरून फक्त पुढची इमारत दिसते. "आत चित्रं दाखवू" असं जाहिरातीत असेल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

तिथून सोहोत शिरून वॉर्डोर स्ट्रीट ९०, जुना मार्की क्लब. फेब्रुवारी १९७६ मध्ये पिस्टल्स इथे एडी अँड द हॉट रॉड्सच्या आधी वाजले. भिंतीवर फलक आहे, पण तो द हू बँडच्या कीथ मूनचा. पंकचा उल्लेखही नाही, उगाच शोधत बसू नका. तोच रस्ता धरून वर ऑक्सफर्ड स्ट्रीटकडे निघालात की टोकाजवळ २०३ नंबर, म्हणजे व्हॉर्टेक्स, जुलै १९७७ पासूनचा अड्डा. मग ऑक्सफर्ड स्ट्रीट १००: हंड्रेड क्लब. यादीतली एवढी एकच जागा अशी, जिथे आजही संध्याकाळी बँड वाजतात.

शेवटी नील स्ट्रीट ४१-४३, जुना रॉक्सी क्लब. हंड्रेड क्लबपासून वीसेक मिनिटं. सगळं मिळून चाल अडीच-तीन किलोमीटर, थांबे धरून दोन तास.

खवट_म्हातारा

छत्री उंच धरलेल्या माणसामागे रांगेत चालत अराजक बघायचं. मध्ये एकदा कॉफी. शेवटी पाच तारे द्यायचे. वा!

सोनचाफा

खिक्क! पण म्हातारबा, हे दुखणं जुनं आहे. २०१६ साली पंकची चाळिशी लंडनने साग्रसंगीत साजरी केली, ब्रिटिश लायब्ररीत प्रदर्शनसुद्धा भरलं. ते न रुचल्यामुळे पिस्टल्सचा मॅनेजर माल्कम मॅक्लॅरन आणि फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड यांच्या मुलाने, जो कोरेने, २६ नोव्हेंबरला थेम्सवर बोटीत स्वतःकडचे कपडे, पोस्टर्स, रेकॉर्डिंग्ज असा ऐवज जाळला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे किंमत पन्नास लाख पौंड. तारीख मुद्दाम निवडलेली, पिस्टल्सच्या पहिल्या सिंगलला त्या दिवशी चाळीस वर्षं पूर्ण झाली.

खवट_म्हातारा

पन्नास लाख हा आकडाच सांगतो की जाळणाऱ्यालाही बाजारभाव तोंडपाठ होता.

सोनचाफा

हे मान्य :-)

@तीनच_कॉर्ड, तुमचा क्रम काळानुसार आहे, पण पायांना महाग. कॉव्हेंट गार्डनला उतरून रॉक्सी, मग डेन्मार्क स्ट्रीट, चेरिंग क्रॉस रोड, ऑक्सफर्ड स्ट्रीट आणि शेवटी वॉर्डोर स्ट्रीट अशी सरळ पश्चिमेकडे गेलात तर जवळजवळ एक किलोमीटर वाचतो. बरेच गाईडही असंच नेतात.

तीनच_कॉर्ड

किलोमीटर वाचतो आणि गोष्ट मरते. रॉक्सी आधी दाखवली तर तो निव्वळ एक क्लब. हंड्रेड क्लबनंतर दाखवली तर कळतं की तो निघालाच का.

२० आणि २१ सप्टेंबर १९७६ ला हंड्रेड क्लबमध्ये दोन रात्रींचा पंक महोत्सव झाला. पहिल्या रात्री पिस्टल्स, क्लॅश, सबवे सेक्ट आणि सूझी अँड द बॅनशीज. बॅनशीजचा तो पहिलाच कार्यक्रम, ड्रम्सवर सिड व्हिशस. दुसऱ्या रात्री डॅम्ड वाजत असताना कुणीतरी काचेचा ग्लास फेकला, तो खांबावर फुटला आणि एका मुलीच्या डोळ्याला कायमची इजा झाली. सिडला अटक झाली आणि क्लबने पंक बँडना दार बंद केलं. त्यात १ डिसेंबरला बिल ग्रंडीने घेतलेली पिस्टल्सची ती टीव्ही मुलाखत, ज्यात त्यांनी शिव्या घातल्या. ती दिसली फक्त लंडन विभागात, बाकी देशाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून कळली. लगेच निघालेल्या पिस्टल्सच्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम ठिकठिकाणच्या नगरपालिकांनी आणि थिएटरवाल्यांनी रद्द केले. वाजवायला जागाच उरली नाही, आणि डिसेंबरातच रॉक्सी सुरू झाला. १ जानेवारी १९७७ ला तिथे क्लॅश वाजले.

म्हणून तो एक किलोमीटर चालावा.

झिपरी

+१. रॉक्सीबद्दल एक भर. रेकॉर्ड्स लावायला डॉन लेट्स होता. त्या वेळी ब्रिटिश पंकच्या रेकॉर्ड्स निघाल्याच होत्या किती? डॅम्डची 'न्यू रोझ' ऑक्टोबर ७६ ची, पिस्टल्सचं पहिलं सिंगल नोव्हेंबरचं. रात्रभर पुरेल एवढा माल नव्हताच, म्हणून लेट्स बँडच्या मध्ये रेगे आणि डब लावायचा. पंक आणि रेगेची सोयरीक नुसत्या विचारांतून जुळली नाही, त्याला हा रेकॉर्डचा तुटवडाही कारण आहे. जो गाईड हे सांगत नाही त्याने रॉक्सीसमोर उभं राहून सांगितलं काय?

घुबडराव

वाचनखूण साठवली. कॅम्डेनचं काय? जाहिरातीत 'पंकची जन्मभूमी' लिहितात.

झिपरी

जन्मभूमी कसली! हा समज रमोन्स या अमेरिकन बँडच्या कार्यक्रमामुळे पसरला. ४ जुलै १९७६ ला कॅम्डेनच्या राउंडहाउसमध्ये रमोन्स वाजले, आणि ते ऐकून लंडनच्या पोरांनी बँड काढले, अशी ती कथा. तारखा लावून बघा. पिस्टल्स नोव्हेंबर ७५ पासून वाजत होते. त्याच ४ जुलैच्या रात्री पिस्टल्स आणि क्लॅश शेफील्डमध्ये होते, क्लॅशचा तो पहिलाच कार्यक्रम. डॅम्डचा पहिला कार्यक्रम ६ जुलैला हंड्रेड क्लबमध्ये, म्हणजे बँड आधीच तयार होता. ५ जुलैला कॅम्डेनमधल्या डिंगवॉल्स क्लबला मंडळी रमोन्सना ऐकायला आली आणि त्यानंतर सगळ्यांच्या गाण्यांचा वेग वाढला, एवढं म्हणणं रास्त.

तरी कॅम्डेन वगळू नका. क्लॅशची तालमीची जागा तिथल्या रेल्वेच्या जुन्या आवारात होती आणि पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठाचा फोटो केट सायमनने समोरच्याच अरुंद चढाच्या वाटेवर काढला. ती जागा आज स्टेबल्स मार्केटमध्ये येते. बाजाराची इतकी पुनर्बांधणी झालीय की नुसत्या नकाशावर सापडत नाही. इथे गाईड खरंच कामाचा. फोटोत तिघेच का, हेही विचारा. ड्रमर टेरी चाइम्स तोवर बँड सोडायच्या बेतात होता म्हणून तो नाही, आणि अल्बमवर त्याचं नाव 'टोरी क्राइम्स' असं छापलं.

तिथून चॉक फार्म रोडने दहा मिनिटांत राउंडहाउस. मूळ १८४७ ची रेल्वे इंजिनं फिरवण्याची शेड. पंकचं वेड नसलेल्या व्यक्तीलाही इमारत आवडावी.

अडगळीतला_अँप

रच्याकने, @तीनच_कॉर्ड, तुमच्या आयडीमागचं ते प्रसिद्ध चित्र, तीन कॉर्ड दाखवून 'आता बँड काढा' सांगणारं, 'स्निफिन ग्लू'मधलंच ना? कुठल्याशा वॉकच्या माहितीपत्रकात तसंच छापलंय.

तीनच_कॉर्ड

नाही. ते जानेवारी १९७७ च्या 'साइडबर्न्स' या फॅन्झीनमधलं, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या मासिकातलं. ए, ई आणि जी. 'स्निफिन ग्लू' मार्क पेरीने जुलै १९७६ मध्ये काढलं ते वेगळं. ही चूक इतकी रुळलीय की गाईड पारखायला हाच प्रश्न विचारावा.

वारसाप्रेमी

किंग्ज रोडबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

स्लोन स्क्वेअर स्टेशनवरून ४३० नंबरपर्यंत जवळपास दोन किलोमीटर सरळ रस्ता आहे. वाटेत १३५ ला अँटिक्वेरियस बाजार होता. त्याच्या तळघरात अ‍ॅक्मे अ‍ॅट्रॅक्शन्स हे कपड्यांचं दुकान, काउंटरवर वर उल्लेख आलेला डॉन लेट्सच. पुढे १५३ ला 'बॉय', तेही कपड्यांचंच दुकान. शेवटाकडे मॅन इन द मून हा पब होता, तिथे एक्स-रे स्पेक्स आणि अ‍ॅडम अँड द अँट्स सुरुवातीला वाजले. यांतलं काहीही आता जागेवर नाही. एकाच बाजूची चाल पुष्कळ झाली, परतीला बस घ्या. २२ नंबर किंग्ज रोडवरून पिकॅडिलीकडे जाते.

खरा मुद्दा ४३० चा. मॅक्लॅरन आणि व्हिव्हियन वेस्टवूड यांनी एकच दुकान दर दोन-तीन वर्षांनी मोडून नव्याने मांडलं. १९७१ ला 'लेट इट रॉक', टेडी बॉइजचे (थोडक्यात 'टेड', पन्नाशीच्या दशकातल्या रॉक अँड रोलचे चाहते) कपडे विकणारं. ७४ ला 'सेक्स', दारावर गुलाबी रबराची मोठाली अक्षरं. मग 'सेडिशनरीज'. त्याची दर्शनी काच दुधी, आतलं काही दिसू नये अशी. आत भिंतीवर बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या ड्रेस्डेनचा फोटो, पिकॅडिली सर्कसचा फोटो उलटा टांगलेला, आणि छताला भगदाड पाडलेलं, बॉम्ब पडल्यासारखं. गिऱ्हाइकाने आत यायच्या आधी दोनदा विचार करावा हाच हेतू. १९८० पासून 'वर्ल्ड्स एंड': बाहेर तेरा आकड्यांचं उलटं फिरणारं मोठं घड्याळ, आत जहाजाच्या डेकसारखी उतरती फरशी. घड्याळापाशी सगळे फोटो काढतात, फरशी फार थोड्यांच्या लक्षात येते.

ऑगस्ट १९७५ मध्ये याच दुकानातल्या ज्यूकबॉक्सवर अ‍ॅलिस कूपरचं गाणं लावून जॉन लायडनची चाचणी घेतली, त्याचा जॉनी रॉटन झाला. काउंटरवरची जॉर्डन त्या अवतारात सीफर्डहून रोज रेल्वेने यायची. बाकीचे प्रवासी इतके बिथरायचे की तिला कधीकधी पहिल्या वर्गात बसवायचे.

१९७७ च्या उन्हाळ्यात याच रस्त्यावर शनिवारी टेड आणि पंक यांच्यात मारामाऱ्या व्हायच्या. वर दिलेला दुकानाचा इतिहास लक्षात घेतला की टेडना इतका संताप का, ते कळतं. त्यांच्या पोशाखाचं दुकानच त्यांच्या वैऱ्यांनी पटकावलं होतं, आणि मालक तेच!

खवट_म्हातारा

म्हणजे क्रांतीला फॅशनचं दुकान लागतं. लिहून ठेवतो.

काळी_पाच

दुकानं, कपडे आणि पिस्टल्स. नेहमीचंच. माझं मत वेगळं आहे: एकच वॉक करायची असेल तर नॉटिंग हिलची करा. तिथे घड्याळ नाही, पण संगीत कुठून आलं ते दिसतं.

वेस्टवे हा उन्नत महामार्ग १९७० ला खुला झाला तो वस्ती चिरून. क्लॅशचा मिक जोन्स आजीसोबत विल्मकोट हाउसच्या १८ व्या मजल्यावर राहायचा, खिडकीतून तोच रस्ता. ही निवासी इमारत आहे, आत घुसू नका, लिफ्टने वर जायचा मोह तर अजिबात नको. खालच्या रस्त्यावरूनच उंची कळते. ३० ऑगस्ट १९७६ ला नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये पोलीस आणि कृष्णवर्णीय तरुणांत दंगल झाली, तिथे क्लॅशचेच स्ट्रमर आणि सिमोनन हजर होते. क्लॅशच्या पहिल्या अल्बमच्या मागच्या बाजूचा फोटो त्या दिवसाचाच.

रफ ट्रेड हे रेकॉर्डचं दुकान १९७६ साली केन्सिंग्टन पार्क रोड २०२ ला उघडलं, १९८३ पासून टॅल्बट रोड १३० ला आहे. दोन्ही पत्ते पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. छोट्या बँडनी स्वतः छापलेल्या रेकॉर्ड्स आणि फॅन्झीन देशभर पोचवण्याचं जाळं इथूनच विणलं गेलं. पंक टिकलं असेल तर त्याने, फाटक्या टी-शर्टने नाही.

लॅडब्रोक ग्रोव्ह किंवा वेस्टबोर्न पार्क स्टेशन. शनिवार टाळा, पोर्टोबेलोच्या बाजारात गाईडचा शब्द ऐकू येत नाही.

वारसाप्रेमी

@काळी_पाच, रफ ट्रेडबद्दल सहमत. पण 'नेहमीचंच' म्हणून किंग्ज रोड मोडीत काढणं पटलं नाही. सिमोननचे रंग शिंपडलेले कपडे हाही त्या संगीताचाच भाग होता. आणि त्या दुकानांत नसता तर लेट्स रॉक्सीत पोचला असता का?

काळी_पाच

लेट्सचा मुद्दा बिनतोड. तरी रॉक अगेन्स्ट रेसिझम ही वंशवादविरोधी चळवळ सोडून पंकचा इतिहास सांगणारा गाईड अर्धाच इतिहास सांगतो. ३० एप्रिल १९७८, ट्रफाल्गर स्क्वेअर ते व्हिक्टोरिया पार्क मोर्चा आणि पार्कात क्लॅश, स्टील पल्स, एक्स-रे स्पेक्स, टॉम रॉबिन्सन बँड. पूर्व लंडनमधलं ठिकाण आडबाजूला पडतं म्हणून एकाही फेरीत धरत नाहीत.

आणि बायका? स्लिट्स मार्च १९७७ मध्ये हार्ल्सडेनला क्लॅशच्या आधी पहिल्यांदा वाजल्या, तेव्हा गायिका आरी अप शाळकरी वयाची होती. गाईडने दोन तासांत एक्स-रे स्पेक्सची गायिका पॉली स्टायरीनचं नाव घेतलं नाही तर समजा की त्याने एकच पुस्तक वाचलंय.

अडगळीतला_अँप

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तोवर कामाचं:

• गट १२ च्या वर असेल तर नको. डेन्मार्क स्ट्रीट चिंचोळा, नील स्ट्रीटवर सतत गर्दी. मागच्या चौघांना काही ऐकू येत नाही, आणि गाईड फुटपाथ अडवायला नको म्हणून थांबे आवरते घेतो.
• गाणी ऐकवतो का, विचारा. उघड्या रस्त्यावर छोट्या स्पीकरचा नुसता चिरका आवाज येतो. चांगले गाईड आधी गाण्यांची यादी पाठवतात, थांब्यावर ज्याने त्याने कानात लावायचं.
• जुने फोटो हवेतच, आणि मोठे. रॉक्सीच्या जागी दुकान बघताना हातात आतल्या तळघराचा फोटो नसेल तर कल्पना करायला काहीच आधार नाही. मोबाइलच्या पडद्यावर बाराजण वाकून बघतात ते निरर्थक.
• 'ब्लू बॅज' म्हणजे परीक्षा दिलेला अधिकृत गाईड. रस्त्यावरच्या फेरीसाठी असा परवाना कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे कुणीही वॉक काढू शकतो. बॅज असला म्हणजे पंक कळतं असं नाही आणि उलटही खरं.
• 'फुकट' वॉकमध्ये शेवटी ऐच्छिक पैसे अपेक्षित असतात. थोडी रोख ठेवा.

मध्यमवर्गीय_मोहॉक

पायऱ्यांबद्दल. हंड्रेड क्लब तळघरात आहे, गुडघे दुखत असतील तर आधी चौकशी करा. कॉव्हेंट गार्डन स्टेशनात लिफ्टला रांग दिसली म्हणून जिना धरू नका, १९३ पायऱ्यांचा गोल जिना आहे. टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरा, फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट आहे आणि डेन्मार्क स्ट्रीट समोरच. स्वच्छतागृह आणि कॅफे फॉइल्समध्ये. पिस्टल्स वाजले त्याच जागी, असं समजून जा.

खवट_म्हातारा

वाह! यासाठी तरी फलक हवा.

घुबडराव

अवांतर: हंड्रेड क्लब टिकला कसा? बाकी सगळे बुडाले.

वारसाप्रेमी

एका शैलीवर विसंबला नाही. १९४२ पासून तिथे संगीत आहे, सुरुवात स्विंग आणि जॅझची. पंकची सगळी गडबड त्या मानाने फार थोड्या काळाची. शिवाय २०२० साली वेस्टमिन्स्टर कौन्सिलने व्यवसाय कर पूर्ण माफ केला. रॉक्सी तर एप्रिल १९७८ मध्येच बंद झाला, दीड वर्षसुद्धा पुरतं चालला नाही.

आत गेल्यावर एक बघा: स्टेज खोलीच्या टोकाला नाही, लांब भिंतीच्या मध्यावर आहे. त्यामुळे प्रेक्षक खोलीला रुंद पसरतात आणि मधले खांब आडवे येतात. त्या ग्लासाचं काय झालं, ते हे खांब बघितले की न सांगता कळतं.

रिकामटेकडा_बेसिस्ट

सगळ्यांना दंडवत. मग असं ठरवू का: सकाळी सोहोची गाईडेड वॉक, दुपारी किंग्ज रोड, संध्याकाळी कॅम्डेन?

झिपरी

तिसऱ्या भागात पोचेपर्यंत सोबतची व्यक्ती बोलायची बंद होईल. एका दिवसात दोनच. आणि सोहोला गाईड नको. पत्ते ठोस आहेत, वर क्रम दिलेला आहे. गाईडचे पैसे कॅम्डेन किंवा नॉटिंग हिलला खर्च करा, जिथे जागा शोधाव्या लागतात.

सोनचाफा

असहमत, पण थोडीच. नवख्याला सोहोतही गाईड हवा, कारण तिथेच बघायला कमी आणि ऐकायला जास्त आहे. तुम्हाला स्वतःला तारखा पाठ असतील तर नको.

तीनच_कॉर्ड

बेसिस्ट महाराज, सोबतच्या व्यक्तीसाठी: दुपारी तीनला १०७ चेरिंग क्रॉस रोडला सुरुवात करा, पण रॉक्सी हंड्रेड क्लबच्या आधी उरका. होय, मीच वर उलटं सांगितलं होतं. संध्याकाळी हंड्रेड क्लबमध्ये जो कुणी वाजत असेल त्याची तिकिटं आधीच काढून ठेवा. जॅझ असलं तरी चालेल, किंबहुना तिच्यासाठी बरंच. कार्यक्रम नसलेल्या दिवशी दार बंद असतं, म्हणून आधी क्लबचं वेळापत्रक बघा आणि मग वॉकचा दिवस ठरवा.

सोनचाफा

म्हणजे शेवटी पश्चिमेकडेच चाललात :-)

तीनच_कॉर्ड

तिकिटासाठी. तत्त्व तेच आहे.